मॅरियनची शेवटची खेप

आयव्ही लॉरीच्या दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा विल्फ इंजिन गरम करत होता. अंगावर चर्चला घालायचा कोट, डोक्याला रुमाल, हातात पर्स. डेपोतले सगळे हातातली कामं टाकून बघत राहिले. मॉसथ्वेट कंपनीत ड्रायव्हरच्या बायकोने लॉरीत बसायचं नाही, हा थोरल्या मालकांच्या काळापासूनचा नियम. पण थोरले मालक केव्हाच गेले होते आणि कंपनीही दक्षिणेकडच्या एका मोठ्या कंपनीने घेतली होती. आता नियम कुणाचा आणि मोडायचा कुणी?

"मी येणार आहे," आयव्ही म्हणाली.

विल्फ खाली उतरला, बसायच्या जागेवर बटाट्याचं रिकामं पोतं नीट पसरलं आणि तिला हात देऊन वर चढवलं.

ही लॉरी भंगारात चालली होती. नव्या कंपनीला आमच्या जुन्या हिरव्या लॉऱ्या नको होत्या. एकेक करून त्या कार्लाइलजवळच्या भंगारवाल्याकडे जात होत्या, आणि विल्फने एवढंच मागून घेतलं होतं की आपली लॉरी आपणच नेऊन सोडू. मीही तिथलाच जुना ड्रायव्हर; परतताना त्याला घरी आणायला मी कंपनीची व्हॅन घेऊन मागोमाग निघालो.

थोरल्या मालकांची एक हौस होती. ड्रायव्हरला मूल झालं की त्याच्या लॉरीच्या कपाळावर त्या मुलाचं नाव लाल अक्षरांत रंगवायचं. विल्फ एअरीच्या लॉरीवर 'मॅरियन' लिहिलेलं होतं. डेपोत आम्ही लॉऱ्यांना त्याच नावांनी हाका मारायचो. मॅरियन आज सिमेंट घेऊन ग्लासगोला गेली, मॅरियनचा ब्रेक ओढतोय, मॅरियनला धुऊन घे. मॅरियन सहा वर्षांची होऊन मेंदूज्वराने गेली, त्यानंतरही आम्ही तसंच म्हणत राहिलो. रंगाऱ्याने विल्फला विचारलं होतं, पुसू का? विल्फ नको म्हणाला.

आयव्हीला ते नाव बघवत नसे. विल्फ जेवायला घरी आला आणि लॉरी दारात उभी असली की ती पुढच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घरात त्या दोघांचं भांडण कधी ऐकू आलं नाही. बोलणंही फारसं ऐकू येत नसे.

केंडल गाव सोडून आम्ही शॅपच्या घाटाच्या चढाला लागलो. नवा मोठा रस्ता झाल्यापासून हा जुना रस्ता ओस पडला होता. पूर्वी इथे चढाला लॉऱ्यांची रांग लागायची, इंजिनाच्या आवाजाने मेंढ्या बुजायच्या. आता मेंढ्या खुशाल रस्त्यात बसल्या होत्या. माझ्या पुढे मॅरियन रांगत होती, आणि तिच्या मागच्या छोट्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती. दोन्ही सरळ समोर बघणारी. अर्धा घाट तसाच गेला. मग आयव्हीचं डोकं त्याच्याकडे वळलं. थोड्या वेळाने लॉरी कडेला थांबली.

मी व्हॅनमधून उतरून पुढे गेलो. आयव्ही आधीच खाली उतरली होती. वारा इतका होता की तिने डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरून ठेवला होता. चहूकडे नुसतं पिवळं गवत, दगडी कुंपणाची एक लांबलचक भिंत आणि बरंच खाली एक शेतघर.

"इथेच?" तिने विचारलं.

"इथेच," विल्फ म्हणाला.

मॅरियन गेली त्या फेब्रुवारीत आम्ही काही ड्रायव्हर इथेच बर्फात अडकलो होतो. विल्फ निघाला तेव्हा पोरीला ताप होता, साधा सर्दीचा ताप असेल असं दोघांनाही वाटलं होतं. वाटेत बर्फाचं वादळ आलं, रस्ता बंद झाला, टेलिफोनच्या तारा तुटल्या. रस्ता मोकळा झाला तोवर मॅरियनला पुरायची तयारी झाली होती. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक फोटो आला. अडकलेले ड्रायव्हर कॅफेत सूपचे पेले उंचावून हसताहेत. आयव्हीने तो पाहिला होता.

ती विल्फकडे न बघता माझ्याकडे वळली. "जॉस, तू होतास ना त्या दिवशी?"

मी हो म्हटलं.

"हा काय करत होता?"

मी विल्फकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. मग मी सांगितलं. तो फोटो पलीकडच्या कॅफेतला, आमच्यातलं त्यात कुणीच नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत विल्फ म्हणाला होता, पोरीला ताप आहे, मी चालत जातो. आम्ही वेड्यात काढलं तरी तो निघाला. ही भिंत तेव्हा दिसतच नव्हती, बर्फ तिच्यावरून गेला होता. आम्हाला आसरा देणाऱ्या त्या खालच्या शेतकऱ्याने आणि त्याच्या भावाने त्याला शोधून, एका दाराच्या फळीवर घालून घरी उचलून आणलं तेव्हा त्याच्या एका पायात बूट नव्हता. जरा ऊब आली तशी तो पुन्हा उठला. शेवटी शेतकऱ्याच्या बायकोने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. रात्रभर तो दाराशी बसून होता.

आयव्हीने सगळं ऐकून घेतलं. रुमाल तिच्या हातातून सुटून मानेवर आला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तू मला हे सांगितलं का नाहीस?" तिने विल्फला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"सांगून काय?" तो म्हणाला. "पोचलो तर नव्हतोच ना."

मी व्हॅनकडे परत आलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. मागे वळून पाहिलं तेव्हा ती त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून देत होती.

भंगारवाल्याकडे पोचलो तेव्हा आमच्या आणखी दोन लॉऱ्या तिथे होत्या, अर्ध्या कापलेल्या. भंगारवाला भला माणूस होता. कपाळावरचं नाव बघून त्याने विल्फला बाजूला घेतलं आणि म्हणाला, तेवढा पत्रा कापून देतो, घरी न्या. विल्फने आयव्हीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तिला कापू नका. आहे तशी असू दे."

मग ती लॉरीच्या पुढे गेली. वाटेतल्या चिखलाने अक्षरं माखली होती. तिने पर्समधून हातरुमाल काढला, त्याचं टोक तोंडात ओलं केलं आणि टाचा उंचावून एकेक अक्षर पुसायला लागली. शाळेत पाठवताना लेकराचं तोंड पुसावं तसं. वर चढत गेलेल्या शेवटच्या अक्षरापर्यंत तिचा हात पोचेना. विल्फने तिला कमरेला धरून वर उचललं. यार्डातल्या माणसांनी पत्रा कापायच्या कटरची ज्योत विझवली.

परतताना आम्ही तिघं व्हॅनच्या पुढच्या सीटवर दाटीने बसलो, आयव्ही मधे. पेन्रिथ मागे पडलं तोवर तिला झोप लागली होती, डोकं विल्फच्या खांद्यावर. तो अंग चोरून, ताठ बसला होता. पूर्ण वाटेत त्याने पाय हलवला नाही की तो खोकलाही नाही.

त्यांच्या दारात मी इंजिन बंद केलं तेव्हाही आयव्ही झोपेतच होती. मी उतरायला दाराला हात घातला. विल्फने नुसती मान हलवून मला थांबवलं.

मग आम्ही तसेच बसून राहिलो. समोर गल्लीत दिवे लागत होते.