लॉनीनं सोडलेले झेल

"हसता काय रे, निर्लज्जांनो!"

वर्जिल टेट ओरडला तेव्हा पडद्यावर त्याचा थोरला भाऊ लॉनी झेल सोडून तोंडावर आपटत होता. काळ्या बेसबॉल संघांच्या इतिहासावरचा सिनेमा, बघणारे आम्ही बर्मिंगहॅमचे तीस काळे चाहते, आणि हसून हसून आमच्याच डोळ्यांत पाणी. मीही हसलो. मग पडद्यावर सामन्यांच्या नोंदींच्या एका जुन्या वहीचं पान दिसलं : लॉनी टेट, एका सामन्यात चार चुका.

दिवे लागले. मैदानाच्या भिंतीवर कुणाकुणाची नावं कोरायची ते आता मतानं ठरायचं होतं. लॉनीचं नाव यादीत होतं.

"कशाला आहे तेच कळत नाही," आमच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष ड्यूई म्हणाला. "असल्या विदूषकाला भिंतीवर चढवायचं?"

"वहीतलं अक्षर माझं आहे," वर्जिल म्हणाला. लोखंडाच्या भट्टीवर राबायच्या आधी संघाची वही तोच लिहायचा.

"मग झालं की, काका! लिहायचं तुम्ही आणि बोंबलायचं आमच्या नावानं?"

"चेंडू त्याच्या हातमोज्यात बसला होता. त्यानं मुद्दाम हातमोजा उघडला. गोऱ्यांचं गाव, नवातला सातवा डाव, आम्ही अकरा धावांनी पुढे. आमच्या बसभोवती माणसं जमायला लागली, हातात कुऱ्हाडीचे दांडे. अशा वेळी झेल सोडायचे, हा रिवाजच होता आमचा. लॉनी सोडायचा, कारण त्याचं सोडणं खरं वाटायचं. जिंकायचं, पण एका धावेनं. घरी जिवंत जायचं होतं ना!"

"मग वहीत तसं का नाही लिहिलंत?"

"वहीवर गोऱ्यांच्या माणसाची सही लागायची, गाढवा!"

"आणि नंतर? पन्नास वर्षं हात मोडले होते?"

सिनेमावाल्यांना वही वर्जिलनंच नेऊन दिली होती. भावाचं नाव पडद्यावर येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"कागदावर आहे ते खरं," ड्यूई म्हणाला. "लॉनी टेटच्या बाजूचे, हात वर करा."

वर्जिलचा एकट्याचा हात वर गेला. भाजल्याच्या डागांचा, दोन बोटं वाकडी. माझे दोन्ही हात खिशात होते. भित्रा साला मी.

"काका, तुम्ही सभासद नाही. हात खाली घ्या."

त्यानं घेतला नाही. ड्यूईनं पुढचं नाव पुकारलं. भराभर हात वर गेले, मोजले गेले, खाली आले. लोक खुर्च्या मिटायला लागले. वर्जिलचा हात वरच होता. भरून यायला लागला, तसा त्यानं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला.