झाडूवाल्याचे अधिकार

सत्ता ज्याच्या हाती, इतिहास त्याच्या हाती, असं ग्रंथालयाचे संचालक उठता-बसता म्हणत. स्वतःचा पासवर्ड मात्र त्यांना शिपाई सांगे.

ग्रंथालयाचा डेटाबेस सांभाळायची सूनबाई. सून संचालकांची नव्हे. ज्यांनी तो डेटाबेस उभारला आणि निवृत्त झाले, त्यांची. तिचा हट्ट एकच: ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. रद्द नोंदींचा कचरा आपोआप काढायला तिने एक वेगळं खातं उघडलं होतं. सगळे त्याला झाडूवाला म्हणत. तो रोज इमानेइतबारे 'काम पूर्ण' असं कळवी, आणि तरी कचरा साठून शोध इतका मंदावला होता, की एक पुस्तक शोधायचं तर वाचक पडद्यासमोर ताटकळत.

"सगळे अधिकार देऊन टाका त्याला," संचालक म्हणाले. "जेवून आलो की मीच देतो."

"सर, एखादी चूक झाली तर तो कचऱ्याबरोबर पुस्तकांच्या नोंदीही झाडून टाकेल."

"मग मी जेवून येईपर्यंत कारण शोधा."

झाडू फिरतो, मग कचरा राहतो कसा? सूनबाईला राहवेना. तिने झाडूवाल्याच्याच खात्यातून आत शिरून स्वतः झाडू मारून पाहिला. नोंदींच्या पहिल्याच तक्त्याशी पडद्यावर उत्तर आलं: 'तक्ता दुसऱ्याच्या मालकीचा. वगळला.' पुढचा तक्ता, तेच. हा सज्जन दारोदार नमस्कार करून परत फिरत होता आणि शेवटी 'काम पूर्ण' म्हणत होता. मालक कोण म्हणून पाहिलं, तर प्रत्येक तक्त्यावर सासऱ्यांचं नाव.

नाव तिला स्वतःलाच बदलता आलं असतं. पण कुतूहल गप्प बसू देईना. तिने घरी फोन लावला.

"बाबा, सगळे तक्ते अजून तुमच्याच नावावर कसे?"

"मुद्दामच ठेवले. मालक असला की फेकणारा आधी विचारतो."

"विचारत नाही हो. दारातूनच परत जातो."

"म्हणजे माझा धाक आहे अजून."

"धाक आहे आणि धूळही आहे. मालकी ऑफिसच्या खात्यावर करते, झाडूवाल्याला फक्त झाडायची मुभा. चालेल?"

बाबांनी एक लांब श्वास सोडला. "कर बाई. राज्य कधीतरी सोडावंच लागतं."

तिने केलं. झाडूवाला कामाला लागला आणि शोध पुन्हा पळू लागला. संचालक ढेकर देत आले, एक पुस्तक शोधलं, ते चटकन सापडलं. "अधिकार वाटून द्यावेत, हे मी केव्हाचं सांगतोय," ते म्हणाले.

फोन अजून चालूच होता.

"सूनबाई, आहेस ना? टीव्हीचा रिमोट तुझ्या सासूबाईंकडे आहे. जरा शब्द टाक. चॅनेल बदलायचं मी म्हणतच नाही. नुसती आवाज कमी करायची मुभा मिळाली तरी पुरे."