कीमियाची वही
पुष्पाचं लग्न उरकलं ते साल अठ्ठेचाळीस. त्याच उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ धर्मराज औरंगाबादेतलं शिक्षण अर्धं टाकून हसनाबादला परत आला. सोबत रसायनाचं एक उर्दू पुस्तक आणि एक वही. त्या विद्येला कुठल्या मुलखात काय म्हणतात, ते त्यानं वहीत त्या त्या मुलखाच्या अक्षरांत उतरवलं होतं. आई झुंबरबाई भाकरी थापायला बसली की तो वाचून दाखवी.

"इंग्रज केमिस्ट्री म्हणतो, फ्रेंच शिमी, इटलीवाला कीमिका. आन् आपल्या पुस्तकावर कीमिया. एकाच घरच्या लेकी, माय, सासरं येगळी."

"मंग सासवाबी येगळ्या असतीन. जेव आता."

आषाढ लागला आणि बंडखोरांच्या शोधात सरकारच्या बाजूचे बंदूकवाले गावोगाव फिरू लागले. भोकरदनच्या वाटेवर दोन पोरं उचलली, त्यांची पुन्हा खबर आली नाही. बाप कचरू हादरला.

"घरोघर झडत्या घेऊन राह्यलेत. ती वही चुलीत घाल. गोऱ्याची अक्षरं पाहून बारुदीची कृती हाय म्हणतीन."

"लिव्हलेला कागद इस्तवात? सरस्वती हाय ती," झुंबरबाई म्हणाली.

"पडू द्या फळीवर," धर्मराज हसला. "वहीला कोण पाहतंय!"

पण तिचा जीव थाऱ्यावर राहिना. बापलेक शेतात गेल्यावर तिनं वही लाल फडक्यात बांधली आणि देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांमागं सारली. देवाच्या पाठीमागं कोण हात घालतंय?

सोमवारी दुपारी चौघं बंदूकवाले आले. जमादारानं फळीवरचं उर्दू पुस्तक चाळलं. "अच्छी किताब है," म्हणत परत ठेवलं. झुंबरबाईनं श्वास सोडला. तेवढ्यात एकानं देव्हाऱ्यात हात घातला. टाक खणखणत जमिनीवर पडले.

जमादारानं फडकं सोडलं. अक्षरं त्याला लागेनात.

"ये क्या है?"

"उसी किताब का नाम है, साहब. दूसरे मुल्कों की ज़बान में."

"किताब खुली पड़ी है, और नाम भगवान के पीछे?"

धर्मराजनं आईकडं पाहिलं.

"म्या ठिवली, साहेब! त्याला ठावं न्हाई, बिलकुल ठावं न्हाई!"

जमादारानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. धर्मराजचे हात त्याच लाल फडक्यानं बांधले आणि त्याला ओढ्याकडं नेलं. कचरू मागं धावला, त्याला बंदुकीचा दस्ता मारून पाडलं.

दोन ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठेचाळीस, सोमवारी, दिवस मावळायच्या आत धर्मराज ओढ्याच्या काठी गोळी लागून मेला. तो वीस वर्षांचा होता.