मी फिरत होतो, पण धूर जात नव्हता

मित्रांनो, शेगडीच्या वर, भिंतीच्या गोल भोकात जो तेलकट गडी बसला आहे, तो मी. एक जुना एक्झॉस्ट फॅन. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो तयार झाले, पण सर्वांत देखणा मीच होतो. त्यांच्यापैकी इथे कुणी हजर नाही, तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवा.

तरुणपणी माझा वारा असा होता, की मागच्या गल्लीतल्या काकांची टोपी उडून थेट नदीपलीकडे गेली. काका ते मान्य करत नाहीत. मग टोपी कुठे आहे, ते तरी सांगा म्हणावं!

पण मागच्या महिन्यात घराला बाहेरून रंग दिला. माझ्यावर रंग उडू नये म्हणून रंगाऱ्याने माझं बाहेरचं तोंड प्लॅस्टिकने झाकलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. रंग झाला, रंगारी गेला, प्लॅस्टिक तिथेच राहिलं.

बटण दाबलं की मी फिरायचो. धूर माझ्यापर्यंत यायचा, अडायचा आणि पुन्हा खाली उतरायचा. घरातले बाबा म्हणायचे, "आवाज येतोय ना? म्हणजे काम करतोय." माझाच आवाज माझ्या वतीने खोटं बोलत होता, आणि मला जीभ नव्हती.

अशात बाबांची बहीण राहायला आली. मुलांची आत्या. ती कपडे शिवते आणि तिला दमा आहे. ती आली म्हणून बाबांनी हौसेने मासे तळायला घेतले. वाऱ्याने ज्योत विझते म्हणून खिडकी बंद. आत्या स्टुलावर बसून भावाची चेष्टा करत होती. मग ती खोकली. पुन्हा खोकली. तिच्या श्वासातून बारीक शिट्टी वाजू लागली.

मी जीव तोडून फिरलो. जितका जोरात फिरलो, तितका आवाज वाढला, आणि तितके बाबा निर्धास्त झाले! शेवटी मी त्यांच्या टकलावर नेम धरून तेलाचा थेंब टाकला. त्यांनी तो पुसला. "म्हातारा झालाय बिचारा," म्हणाले.

आत्याने मात्र वर पाहिलं. शिवणाऱ्या बाईच्या खांद्यावर एखादा धागा असतोच. तो तिने उचलला आणि माझ्या जाळीपुढे धरला. धागा सरळ खाली लोंबला. हललासुद्धा नाही.

"दादा, हा नुसता ओरडतोय," ती धापा टाकत म्हणाली. "ओढत काहीच नाही. अगदी तुझ्यासारखा!"

"अगं, असं कसं होईल..."

"आधी गॅस बंद कर रे!"

गॅस बंद झाला. खिडकी उघडली. मुलगी पळत जाऊन आत्याचा पंप घेऊन आली. आत्याने तो दोनदा ओढला आणि अंगणातल्या पायरीवर जाऊन बसली. बाबा बाहेरून शिडी लावून वर चढले आणि थिजले. "अरे देवा! हे इथेच राहिलं?" टर्रकन पट्टी निघाली.

त्या क्षणी मी इतका धूर बाहेर फेकला, की वरून जाणारा ढग खोकला. पण माझं लक्ष पायरीकडे होतं. आत्याची शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक झाली, थांबली. मगच मी नीट फिरू लागलो.

मित्रांनो, माझी जाळी धुवा, माझं बाहेरचं तोंड मोकळं ठेवा आणि माझ्या आवाजावर जाऊ नका. अधूनमधून एक धागा माझ्यापुढे धरून बघा. तो माझ्याकडे झेपावला, तर खुशाल स्वयंपाक करा. सरळ लोंबला, तर आधी गॅस बंद करा, मग मला हव्या तितक्या शिव्या द्या.