काचेला लावलेलं कुंकू

गंधालीने माझ्यातलं कुंकू फोनच्या काचेला लावलं आणि अर्ध्या मिनिटात नव्या साडीच्या पदराने पुसून टाकलं. पुसलं, मित्रांनो! कुंकू पुसणं म्हणजे काय, ते तुमच्या घरातल्या मोठ्या बाईला विचारा. विचारताना मात्र दोन हात लांब उभे राहा.

झालं असं की ह्या वर्षीच्या हळदीकुंकवाला तिची बहीण जान्हवी जर्मनीत बसून फोनमध्ये कपाळ पुढे करत होती. हिने बोट माझ्यात बुडवलं, काचेवर टेकवलं. जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने त्याचं शूटिंग केलं. जान्हवीचं कपाळ कोरडं ते कोरडंच. मग काचेवर बोट सरकेना, म्हणून हिने ते पुसलं, आणि परत हसत म्हणाली, "बघा, किती जवळ आलो आपण!"

कसलं जवळ? बोटभर अंतरसुद्धा कमी झालं नाही.

मी एक जुनी पितळी कुयरी आहे. आंब्याच्या आकाराची. पोटात दोन खण, एकात हळद, एकात कुंकू. झाकणावर मोर आहे, त्याची चोच मोडलेली आहे, कारण ह्या घरच्या मुलाने, राजेशने, लहानपणी माझी गाडी करून मला जिन्यावरून सोडलं होतं. शाळा मी पाहिली नाही. मी कपाळं पाहिली. कुणाचं तापलेलं आहे, कुणाचं चिंतेचं आहे, कुणी सकाळपासून जेवलेली नाही, हे मला बोट टेकताच कळतं. तुमच्या फोनला कळतं का? त्याला फक्त चार्जिंग संपलेलं कळतं.

कुडाळच्या बाजारात एका म्हाताऱ्या तांबटाने मला ओतलं. आठ दिवस कानशीने घासघास घासलं. वनमालाच्या आईने मला उचललं, झाकण तीनदा उघडून मिटून बघितलं आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. तिथून मी वनमालाबरोबर मुंबईत आले. आधी काळाचौकीची खोली, नवरा दशरथ गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा दशरथला मुलुंडच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही ह्या चार मजली बिल्डिंगमध्ये आलो. मजल्यावर सहा दारं. लिफ्ट तेव्हाही नव्हती, आताही नाही.

आता माझं खरं काम ऐका. हळदीकुंकवाच्या दिवशी मी ताटात बसते, ते शोभेचं काम. खरं काम त्याच्या आदल्या दिवशीचं. संक्रांत झाली की एक दिवस ठरवून वनमाला मला हातात घ्यायची आणि खालपासून वरपर्यंत, आमचं धरून चोवीस दारं चढायची. दार उघडलं की उंबऱ्याच्या आत एक पाऊल, कपाळाला कुंकू, आणि मग बोलावणं. बाहेरून हाक मारून बोलावणं तिला मंजूर नव्हतं. त्या एका पावलात तिला घर वाचता यायचं. कुणाकडे ताप आहे, कुणाकडे दोन दिवस चूल नीट पेटलेली नाही, कुणाची लेक माहेरी येऊन आतल्या खोलीत रडते आहे. बोलावणं दोन मिनिटांचं, पण काही दारांत आम्हाला तास लागायचा.

चौथ्या मजल्यावर जयंती राहते. ती ह्या बिल्डिंगमध्ये नवी आली तेव्हा तिचं आणि आमचं पहिलं भांडण झालं, कारण वनमाला गच्चीवर सुके बांगडे वाळत घालायची आणि वास थेट जयंतीच्या देवघरात जायचा. जयंतीने सोसायटीत तक्रार केली. त्याच महिन्यात संक्रांत आली. दशरथ म्हणाला, "तिच्याकडे नको जाऊस, अपमान करील." वनमाला गेलीच. जयंतीने दार अर्धंच उघडलं. वनमालाने त्या अर्ध्या दारातून हात आत घातला, तिच्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाली, "बांगड्याचो वास येता ना? हो घे, हळदीचो घे." जयंती आधी रागाने बघत राहिली, मग इतकी हसली की तिचा नवरा श्यामकांत आतून धावत आला. त्या दिवसापासून दोघींची जी मैत्री झाली, ती भांडत भांडत पस्तीस वर्षं टिकली.

मी स्वतःला फार थोर समजू नये म्हणून एक गोष्ट सांगते, मित्रांनो. पूर्वी आम्हीही एक दार टाळत होतो. दुसऱ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या काकू होत्या, नवरा गेलेल्या. सात वर्षं वनमाला त्यांच्या दारावरून मला पदराखाली झाकून नेत होती. आठव्या वर्षी त्यांनीच दार उघडलं आणि विचारलं, "वनमाला, आमच्या दाराला काटे आहेत का गं?" वनमाला तिथेच थांबली. मला पदराखालून बाहेर काढलं. त्यानंतर तिने एकही दार सोडलं नाही. टाळलं ते पाप आमचं होतं. पण टाळताना आमची मान खाली जात होती, एवढं तरी होतं.

आता माझ्या सवतीकडे येऊ. सवत म्हणजे तो फोन. घरात तो राजेशच्या खिशातून आला, मग गंधाली त्याच्याशी लग्न होऊन आली ती दोन घेऊन आली. गंधाली माझी सून म्हटली तरी चालेल. हुशार आहे, मालाडच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, आल्यागेल्याला चहा विचारते. पण तिला वाटतं की बोट हलवलं म्हणजे माणसं हलतात. सोसायटीचा ग्रुप तिनेच काढला. प्रत्येक घराचा एक नंबर. पाणी कधी जाणार, गाडी कुणाची आडवी लागली, गणपतीची वर्गणी, सगळं तिथे. कुणी गेलं की तिथेच पन्नास हात जोडतात, आणि त्याच हातांनी खाली कुणीतरी विचारतं, प्लंबरचा नंबर आहे का.

ह्या वर्षी वनमालाचे गुडघे फारच दुखायला लागले. तरी ती मला घासून, ओल्या फडक्याने पुसून तयार ठेवत होती. गंधाली म्हणाली, "आई, आता दारोदार कोण फिरतं? मी ग्रुपवर टाकते ना. तीन मिनिटांचं काम."

"आणि कोण येणार ते कळणार कसं?"

"पोल टाकते. येणार, नाही येणार, बघते, असे तीन पर्याय."

"बघते म्हणजे गो काय? कपाळ आणू की नको, बघते?"

"आई, प्लीज. तुमच्या गुडघ्यांसाठीच करतेय ना."

वनमाला गप्प बसली. मी म्हणते, तिथेच चुकलं. गुडघ्यांनी तिला गप्प केलं. नाहीतर ती ऐकणारी नव्हती.

वाण म्हणून गंधालीने फोन ठेवायचे स्टँड मागवले. लाकडी, दिसायला छान. पूर्वी आम्ही गाळण्या लुटल्या, वाट्या लुटल्या, एका वर्षी साबणसुद्धा. आता फोनला बसायला पाट.

हळदीकुंकवाला गर्दी झाली, खोटं कशाला बोलू. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, फोटोच फोटो. पण कपाळ पुढे करताना बायकांची नजर वर फोनकडे. मी नाकाला लागले तरी कुणाला पत्ता नाही. आणि वनमाला सारखी दाराकडे बघत होती. सहा वाजले, सात वाजले. तिने एक स्टँड पदराआड बाजूला काढून ठेवला. आठ वाजता शेवटची बाई गेली. जयंती आली नाही.

श्यामकांत श्रावणात गेले होते. त्यानंतरची ही पहिली संक्रांत. वनमाला त्यांच्या तेराव्यापर्यंत रोज वर जात होती, मग गुडघ्यांनी जिना बंद केला आणि जयंतीही खाली उतरेनाशी झाली. पण आज ती येणार, हे वनमालाने धरूनच ठेवलं होतं.

"नाय इली," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. एक निरोपसुद्धा नाय. एवढा मोठेपणा?"

गंधाली म्हणाली, "बघितला नसेल मेसेज."

"बघितला नसेल तर बघायचा होता!"

दहा दिवस वनमाला धुमसत होती. दशरथने एकदा म्हणून बघितलं, "जाऊन विचार की." त्यालाच ओरडा मिळाला. तिने मला घासलंसुद्धा नाही. कुंकवाचा थर माझ्या कडेला वाळून बसला. पितळेला असा अपमान काळा पाडतो, मित्रांनो. आणि खरं सांगू? मला त्याचंही काही वाटलं नाही. मला धडकी एकाच गोष्टीची होती. रथसप्तमी झाली की हळदीकुंकवाचे दिवस संपतात. त्यापुढे ह्या दोघी एकमेकींच्या दारात कुठल्या निमित्ताने जाणार? दोघींच्या नाकावर पस्तीस वर्षांचा अभिमान. त्या तशाच बसल्या असत्या आणि तशाच संपल्या असत्या.

रथसप्तमीच्या दुपारी वनमाला उठली. मला हातात घेतलं, स्टँड काखेत मारला. "भांडूक जातंय," म्हणाली. त्या दिवशी रविवार होता. गंधाली घरी होती, ती घाबरून मागे निघाली. प्रत्येक जिन्याच्या वळणावर वनमाला थांबली, श्वास घेतला, एकदा फोनला शिव्या दिल्या, एकदा गुडघ्यांना, एकदा जयंतीला.

चौथ्या मजल्यावर बेल वाजवली. जयंतीने दार उघडलं. अर्धंच.

"काय गो, पाय दुखतत तरी मी चढलंय. तुझे पाय कुणी बांधून ठेवले होते?" वनमालाने तोंड उघडलंच तसं.

जयंती शांतपणे म्हणाली, "बोलावलं असतंस तर आले असते."

"बोलावलं नाही? सगळ्या बिल्डिंगीक बोलावलं!"

"सगळ्यांना बोलावलंस ते कळलं मला. जिन्यातून पैंजणं वाजत गेली. मी पाच वाजता साडी नेसले. म्हटलं, वनमाला कधी सोडायची नाही, उशिरा का होईना येईल. आठ वाजता घडी करून ठेवली." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. "मग समजले. आता ह्या कपाळाला बोलावणं नाही. दुसरीकडे नसतं तर दुःख नव्हतं. तुझ्याकडे नाही, ह्याचं वाटलं."

 वनमाला वळली आणि तिने गंधालीकडे बघितलं.

"मी ग्रुपवर टाकलं होतं, काकू," गंधाली पटकन म्हणाली. "पोलपण होता. थांबा, दाखवते." ती फोनवर बोट फिरवू लागली. फिरवता फिरवता बोट मंद झालं.

"माझा नंबर शोधतेस?" जयंती म्हणाली. "माझा कधी नव्हताच. यांचा होता. माझा फोन हा, बटणांचा."

"काकांचा... काकांचा नंबर बंद झाला होता," गंधाली हळू आवाजात म्हणाली. "श्रद्धांजलीचे मेसेज झाले, मग मीच काढला. ॲडमिन मी आहे ना."

 पन्नास हात जोडले होते मित्रांनो, आणि एका अंगठ्याने एक घर काढलं होतं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. कुणाची मानही खाली गेली नव्हती. हेच मला सहन होत नाही.

वनमालाने माझं झाकण उघडलं. जयंती मागे सरकली. "नको गं. लोक काय म्हणतील?"

"कपाळ तुझं, कुयरी माझी. लोकांचं काय आहे ह्यात? मागे सरकशील तर आत येऊन लावीन."

ती आत गेलीच. उंबऱ्याच्या आत एक पाऊल. वाळलेलं कुंकू तिने नखाने खरवडलं आणि जयंतीला लावलं, मग हळद. ते कपाळ गार होतं, आणि बरेच महिने कुणी हात न लावलेलं होतं. मला कळतं. जयंतीने माझ्यात बोट बुडवून वनमालाला लावलं. ते जरा तिरकं लागलं. वनमालाने ते तसंच ठेवलं.

मग वाण दिलं. जयंतीने स्टँड उलटसुलट करून बघितला. "ह्याच्यावर मी काय ठेवू?" मग आत जाऊन तिने श्यामकांतचा छोटा फोटो आणला आणि त्याच्यावर ठेवला. अगदी बरोबर बसला.

मला रोज चकचकीत घासा असं मी तुम्हाला म्हणत नाही, मित्रांनो. मी आणखी शंभर वर्षं काळी राहू शकते. पण तुमच्या घरात कुणाला बोलवायचं असेल तर एकदा तरी जिना चढा. दार उघडतं का, कोण उघडतं, अर्धं उघडतं की पूर्ण, ते डोळ्यांनी बघा.

गंधालीनेही आपलं कपाळ पुढे केलं होतं. डोळे मिटून उभी होती बिचारी. वनमालाने माझं झाकण खटकन मिटलं.

"तुका नाय," ती म्हणाली. "पुढच्या संक्रांतीक फोन घरात ठेव, ही हातात घे आणि खालपासून चोवीस दारं चढ. नाव घेऊन बोलव एकेकीक. शेवटचं दार ह्या जयंतीचं, तीच तुका लावतली. गेलेल्या माणसाचो नंबर काढलंस, त्याचो राग नाय माका. पण त्या नंबराच्या मागे एक बाई उभी होती, ती तुका दिसली नाय गो. ज्या डोळ्यांका माणूस दिसत नाय, त्यांच्या वर कुंकू लावून मी काय करू?"