टाचेवरचा निळा रंग

“पाय हलवू नको हां, बाय. दाक्तरणीन चार बोटांचा अंतर सांगल्यान,” असं म्हणत गोकुळदासने थोरल्या बहिणीची, वत्सलाची, उजवी टाच स्टुलावर ठेवली आणि दिव्याची मान खाली वाकवली. टाचेवरची जखम त्याने नुकतीच निळ्या औषधाने रंगवली होती. या औषधावर लाल उजेड पडला की जंतू मरतात, असं पुण्याहून दिवा घेऊन आलेल्या डॉक्टर सेजलने त्याला समजावलं होतं. उजेडासाठीचा काळा चष्मा एकच, तो पेशंटच्या डोळ्यांवर. म्हणून बटण दाबायचं, दार ओढून बाहेर यायचं आणि वीस मिनिटांनी आत जायचं. दिवा लागला तसे वत्सलाने दिवेलागणीला जोडावेत तसे हात जोडले. गोकुळदास हसला आणि बाहेर आला.

कारापूरच्या वाटेवरच्या त्या ट्रस्टच्या इस्पितळात तो एकतीस वर्षं ड्रेसर. खाणीच्या ट्रकखाली आलेले पाय, कोयत्याने तुटलेली बोटं, काय काय म्हणून त्याने बांधलं नव्हतं! नुसत्या वासावरून जखमेचं भविष्य सांगायचा, आणि त्याचा तोराही त्याला होता. पण ही जखम बहिणीची. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि वत्सला तेराची. तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला.

निमित्त केवढंसं, तर कुळागरात, घराखालच्या माडा-पोफळीच्या बागेत, माडाच्या झावळीचा हीर टाचेत रुतला. अंगात साखर होतीच. तपासणीचा कागद आला त्यावर एकोणीस औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘आर’, म्हणजे या जंतूपुढे हे चालत नाही. सेजलने खोलीत अंधार करून जखमेवर दुसरा, जांभळा दिवा धरला. जंतू असतील तिथे त्यात हिरवट चमकतं. टाच चमकली. पाय गेला तर मये गावातलं तिचं घर सुटणार होतं. घरातून कुळागरात उतरायला बावीस पायऱ्या. नवरा गेल्यावरही तिथे एकटीने राहिलेली वत्सला काही भावाच्या दारात बसून खाणारी बाई नव्हे.

दहा दिवस लाल दिवा चालला. एक गोष्ट गोकुळदासच्या नजरेला आली होती. बाकीच्यांच्या जखमेवरचा निळा रंग वीस मिनिटांत फिका पडे, वत्सलाचा मात्र गडदच्या गडद राही. चिखलामातीत मुरलेली कातडी, घेत नसेल उजेड, असं त्याने ठरवून टाकलं. डॉक्टरला विचारलं नाही. इतकी वर्षं जखमा पाहिलेला माणूस विचारेल कशाला?

अकराव्या दिवशी पुन्हा जांभळा दिवा धरला. तोच लाल दिवा घेतलेल्या कारापूरच्या भिकाजीचा अंगठा स्वच्छ निघाला, एक ठिपका चमकला नाही. वत्सलाचा हिरवटपणा घोट्यापर्यंत चढलेला. ताप होता, जंतूंनी हाडही धरलं होतं. उद्या सकाळी गुडघ्याखालून पाय काढायचा, असं ठरलं, आणि ते तिला सांगायचं काम गोकुळदासकडे आलं.

तिने ऐकून घेतलं. मग भावाचीच समजूत काढावी तशी म्हणाली, “दिव्याक बोल लावू नको हां. मी त्याचो मान राखलंय. पेटत्या दिव्याक पाय कोण दाखयता? तू दार ओढलंस काय मी पाय खाली घेतंय. चाहूल लागली काय परत वर. उजेड काय, खोलीभर पडता मां, पायाक लागताच.”

गोकुळदासला तो गडद राहिलेला निळा रंग आठवला. असा राग आला की स्टूल उचलून आपटावं. पण राग काढायचा कुणावर? पहिल्याच दिवशी तिने पाय आखडला होता, तेव्हा “म्हातारपणी लाजतंस काय गे” म्हणून थट्टा त्यानेच केली होती.

तो धावत सेजलकडे गेला. सगळं सांगितलं, निळ्या रंगाचंही. आणखी दहा दिवस द्या, डोळे मिटून मी तिचा पाय धरून बसतो, म्हणाला. सेजलने तापाचा तक्ता त्याच्यापुढे धरला. आता थांबलो तर बाईच जाईल, म्हणाली.

“उजेड नीट पडला असता तर वाचला असता पाय?”

“माहीत नाही, काका. आता ते कधीच कळणार नाही.”

वऱ्हांड्यात उभा राहून तो रडला. मग तोंड धुऊन बहिणीकडे गेला. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “माझ्यामुळां झाला काय रे?”

“नाय गे बाय. जंतूच तसलो.” तिच्याशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या खाटेशी पेज घेऊन बसला होता. दोन चमचे घेऊन ती थांबली.

“गोकू, उजव्या टाचेक खाज सुटली हा. वायच खाजय.”

असं म्हणणारे पेशंट त्याने किती पाहिले होते. पाय आता नाही, शरीराला ते कळायला वेळ लागतो, हे तो प्रत्येकाला सरळ सांगायचा. त्याने वाडगा खाली ठेवला, चादरीखाली हात घातला आणि जिथे नुसती गादी होती तिथे नखांनी खाजवू लागला.

“थोडा खाली,” वत्सला म्हणाली.

त्याने हात थोडा खाली नेला.