सोनेरी अक्षरांचे हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. जुने म्हणजे किती, तर साडेचार वर्षांचे. हसू नका! तुमच्या घरातले कपाट चाळीस वर्षे जागचे हलले नसेल, पण आमच्यात पाच वर्षे झाली की निवृत्तीच. मला त्याच्याही आधी घरी बसावे लागले, आणि मी त्यात खूश आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात गेले आणि माझे टणक कवच बाहेर आले. आत थर्माकोलसारखा जाड थर, त्यावर मऊ गादी, पुढे काच, हनुवटीखाली पट्टा. दुकानात बरीच डोकी माझ्यात शिरली आणि निघून गेली. मग ताई आली. तिने मला घातले, मान जोरात हलवली, मी तसूभरही सरकलो नाही. तेव्हाच आमचे जमले.

ताईचे काम मोठे अवघड. तपासणीसाठी रक्त घ्यायला ती सकाळी घरोघर जाई. सुई पाहून भल्याभल्यांची पाचावर धारण बसे, म्हणून मला काढले की ती आधी हसायची आणि मग पिशवी उघडायची. माझे तर तिने फारच लाड केले. दर रविवारी माझी गादी काढून कोमट पाण्यात शाम्पूने हलकेच धुवायची आणि सावलीत वाळवायची. काचेवर चिकटलेले किडे तिने कधी खरवडले नाहीत. ओले फडके थोडा वेळ ठेवले की ते आपोआप सुटतात. गाडीच्या आरशावर मला कधी लटकवले नाही की पेट्रोलचा हात लावला नाही.

ताईचे बाबा पेंटर. चाळीस वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस! पुढे छापील फलक आले आणि त्यांचे ब्रश कोरडे पडले. सहा वर्षे बाबा खुर्ची इकडची तिकडे करत आणि रस्त्यावरच्या फलकांतल्या चुका काढत बसले.

एकदा ताई दोन दिवस तापाने झोपून होती. तेवढ्यात बाबांच्या हाताला काम सापडले. त्यांनी मला अंगणात नेले, पॉलिश पेपरने घासले आणि रंग नीट धरावा म्हणून बोळ्याने चांगले रगडून थिनर लावले. लोखंडी पाट्यांना ते जन्मभर हेच करत आले होते. मी लोखंड नव्हे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. माझे अंग आधी गार पडले आणि मग चुरचुरू लागले. पण नंतर माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरे उमटली, 'घाई नको', आणि त्यांना लाल सावली! खोटे कशाला सांगू, मी हुरळून गेलो.

काय ते कौतुक! सिग्नलला मागची माणसे वाचून हसत. रक्त द्यायला घाबरणारे एक आजोबा तर म्हणाले, "घाई नको म्हणतेस ना? मग उद्या ये." रोज सकाळी बाबा दारात उभे राहत आणि अक्षरे वळणाआड जाईपर्यंत पाहत. त्यांची भूक वाढली, चाल बदलली.

दोन महिन्यांनी माझी काच खुळखुळू लागली. ताई मला दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने चष्मा वर करून मला निरखले. स्क्रूभोवती केसाएवढ्या बारीक चिरा होत्या.

"याला थिनर कुणी लावलं?"

"बाबांनी. रंगवायच्या आधी."

"हात सुरेख आहे हो त्यांचा. पण थिनरनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. कवच गेलं. याच्या भरवशावर डोकं ठेवू नका."

ताईने तिथेच एक साधे, करड्या रंगाचे हेल्मेट घेतले. पण बाबांना सांगायचा तिला धीर होईना. मग तिने एक वेडेपणा केला. नवे हेल्मेट तिने, ती काम करते त्या लॅबच्या कपाटात ठेवले. घरून निघताना मला घालायची आणि लॅबमध्ये पोचली की अदलाबदल. मध्ये दोनच गल्ल्या आणि एक चौक. मित्रांनो, रस्ता असा मोजायचा नसतो! एके सकाळी चौकात कुत्रे आडवे आले, ब्रेक करकचून लागला, मागचे चाक घसरले. ताई पडता पडता सावरली. माझी तर बोबडीच वळली. मी पोकळ आहे गं, असे मला ओरडून सांगायचे होते.

पुढच्याच आठवड्यात ताई नमुन्यांच्या डब्यातली बर्फाची पाकिटे घरीच विसरली. बाबा ती घेऊन धापा टाकत लॅबमध्ये आले, तर ताई मला कपाटात ठेवून करडे हेल्मेट घालत होती. बाबांचा चेहरा उतरला.

"अक्षरं बिघडली का गं माझी?"

"नाही हो बाबा. अक्षरं लाखात एक आहेत." आणि तिने सगळे सांगून टाकले.

बाबांनी माझ्या चिरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे घरापासून इथवर हे घालून येतेस? कशासाठी?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अगं, मला वाईट वाटलं असतं तर दोन दिवस जेवण गेलं नसतं. तुझं डोकं फुटलं असतं तर?"

त्यांनी टेबलावरची कात्री उचलली. पट्टा चिवट होता. ताई पुढे झाली, पण त्यांनी तिला थांबवले. तिसऱ्या दमात पट्टा तुटला. आता मला कोणी चुकूनसुद्धा घालणार नव्हते. इतके हलके मला कारखान्यातून निघतानाही वाटले नव्हते.

आता मी बाबांच्या फळीवर असतो. गल्लीत कोणी नवी गाडी घेतली की बाबा त्याला बोलावतात, मला हातात देतात आणि सांगतात, "बघ, माझ्या हातची सगळ्यात सुंदर चूक." मला मनापासून हसू येते.

मित्रांनो, आम्हाला साध्या साबणपाण्याने पुसा, सावलीत वाळवा, रंग-थिनरपासून दूर ठेवा. आणि आमच्यातले बळ संपले असे कळले, तर कोणाचे मन राखण्यासाठी आम्हाला डोक्यावर ठेवू नका. ज्याचे मन राखायचे, तोच दारात तुमची वाट पाहत असतो.